टोकियोतला एक मोकळा दिवस : आपापले अनुभव लिहा

घाटमाथा

जपानच्या ठरीव सहलींच्या पत्रकात टोकियोच्या रकान्यात एक दिवस बहुधा ‘मोकळा’ म्हणून दाखवलेला असतो. कार्यालयाच्या कामासाठी जाणाऱ्यांनाही परतीच्या विमानाआधीचा एखादा शनिवार मिळतो, आणि ज्यांची मुले तिकडे नोकरीला आहेत त्या आईवडिलांच्या वाट्याला तर असे कितीतरी दिवस येतात. हा धागा त्या दिवसासाठी आहे. सहल कंपनीच्या झेंड्यामागून न जाता, स्वतः आखून किंवा फक्त आपल्या कुटुंबासाठी ठरवलेल्या गाइडबरोबर टोकियोत दिवस कसा घालवला, हे कृपया सविस्तर लिहावे. प्रेक्षणीय स्थळांच्या याद्या कोठेही मिळतात. काय पाहिले याबरोबरच काय सोडून दिले आणि का, हे लिहिल्यास पुढच्यांना अधिक उपयोग होईल. बरोबर कोण होते आणि ऋतू कोणता होता, तेही नमूद करावे. क्योतो आणि ओसाकासाठी वेगळा धागा काढता येईल.

आजीचा नातू

बरोबर आई आणि आजी होत्या, नोव्हेंबरचा शेवट होता. आम्ही परवानाधारक गाइड ठरवली होती आणि तिला आधीच कळवले होते की दिवसभर सुमिदा नदीच्या आसपासच राहायचे आहे; शिबुया, शिंजुकू, गगनचुंबी मनोरे यांतले काहीही नको. या एका अटीमुळे दिवसातले प्रवासाचे तास वाचले आणि आजीचे पायही.

सकाळी आठच्या सुमारास असाकुसाच्या सेन्सो-जी मंदिरात पोहोचलो. नाकामिसे गल्लीतली दुकाने तेव्हा उघडलेली नसतात आणि कामिनारीमोन दरवाजाचा जवळजवळ चार मीटर उंचीचा लाल कंदील गर्दीविना नीट पाहता येतो. मंदिराची कथा अशी की सन ६२८ मध्ये दोन कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीत कान्नोनची, म्हणजे आपल्या अवलोकितेश्वराची, मूर्ती लागली. आजचे मुख्य मंदिर मात्र १९५८ चे आहे, कारण जुने १० मार्च १९४५ च्या हवाई हल्ल्यात जळाले. आवारातल्या एका जुन्या गिंको वृक्षाच्या खोडावर त्या रात्रीच्या जळण्याच्या खुणा अजून आहेत. गाइडने हात धरून नेले नसते तर आम्ही त्या झाडाकडे ढुंकूनही पाहिले नसते.

बोलता बोलता आमच्या घरी गणपती असतो हे कळल्यावर तिने ठरलेला कार्यक्रम थोडा बाजूला ठेवला आणि दहा मिनिटांच्या चालीवरच्या मात्सुचियामा शोदेन या टेकडीवरच्या मंदिरात नेले. येथील देवता कांगितेन म्हणजे तांत्रिक बौद्ध परंपरेतून चीनमार्गे जपानला पोहोचलेला विनायक. त्याला नैवेद्य मुळ्याचा. लांब पांढरे मुळे मंदिरातच विकत मिळतात, भाविक ते देवापुढे ठेवतात, आणि पायऱ्यांवर, कठड्यांवर जिकडे तिकडे मुळा आणि नाडीची थैली ही दोन चिन्हे कोरलेली दिसतात. ७ जानेवारीला येथे मुळ्याचाच उत्सव असतो. मूर्ती मात्र कधीच दाखवत नाहीत. हा देव गुप्त आणि उपासनेला कडक मानला जातो. आजीला हे अजिबात पटले नाही. गणपती आणि तो दडवून ठेवायचा, हे तिच्या हिशेबात बसेना, आणि गाइडला तिने मोदकांबद्दल विचारलेच. त्यावर गाइडने सांगितले की कांगितेनाला वाहायचे तळलेले, पुरचुंडीच्या आकाराचे एक गोड पक्वान्न क्योतोत अजून बनते. वर्णन ऐकून आजीने तो तळणीचा मोदकच असल्याचा निकाल दिला. टेकडीवर चढायला एक छोटी विनामूल्य गाडी रुळावरून वर नेते, त्यामुळे गुडघ्यांचा प्रश्न आला नाही.

दुपारी नदीतून बोटीने हामारिक्यू उद्यानात गेलो. समुद्राच्या भरती-ओहोटीबरोबर ज्याचे पाणी चढते-उतरते असे तळे तेथे आहे, आणि त्याच्या मधोमध असलेल्या चहागृहात बसून हिरवा चहा घेता येतो. आमच्या वेळी बोट थेट उद्यानाच्या धक्क्याला लागत असे. बोटींचे मार्ग अधूनमधून बदलतात, तेव्हा आधी चौकशी करावी. चारनंतर आम्ही कोठेही गेलो नाही.

निशीकासाईकर

मी अनेक वर्षे टोकियोच्या एदोगावा प्रभागात राहतो. भारतातून येणाऱ्या नातेवाइकांचे दिवस आखण्याचे काम बहुतेक वेळा माझ्याकडे येते, म्हणून काही व्यावहारिक गोष्टी मांडतो.

जपानचे घड्याळ भारताच्या साडेतीन तास पुढे आहे. सकाळी सात म्हणजे शरीराच्या हिशेबाने पहाटेचे साडेतीन, आणि पाहुणे आल्याच्या पहिल्या सकाळी सातला निघण्याचा आग्रह धरला की दुपारी दोनला सगळे गाडीत पेंगत असतात. दुसरीकडे संपूर्ण देशाची वेळ १३५ अंश पूर्व रेखावृत्तावर ठरलेली असून टोकियो त्याच्याही पूर्वेला आहे, त्यामुळे येथे दिवस लवकर उजाडतो आणि लवकर मावळतो. डिसेंबरात संध्याकाळी साडेचारलाच सूर्यास्त होतो. बहुतेक उद्याने पाचला बंद होतात आणि शेवटचा प्रवेश साडेचारला असतो. मुंबईच्या सवयीने ‘संध्याकाळी बागेत जाऊ’ असे ठरवले तर हिवाळ्यात कुलूपच पाहावे लागते. उघड्यावरचे सगळे आधी आणि छपराखालचे नंतर, हा क्रम मी कधी बदलत नाही.

गाइडविषयी थोडे. जपानमध्ये दुभाषी-गाइडसाठी राष्ट्रीय परीक्षा आहे. पूर्वी परवान्याशिवाय मोबदला घेऊन हे काम करता येत नसे. जानेवारी २०१८ पासून ते बंधन उठले आहे. म्हणजे विनापरवाना गाइड बेकायदा नाही, पण तो परवानाधारक आहे का हे विचारून घेण्यात संकोच नसावा. मानधन साधारणपणे माणशी नसते, गटाचे असते; त्यामुळे चौघांना ते परवडते आणि एकट्याला जड जाते. गाइडचे दिवसभराचे तिकीट आणि प्रवेशशुल्क आपणच द्यायचे असते. काही ठिकाणी स्वयंसेवक गाइड मोबदल्याशिवाय येतात. बक्षिशीची पद्धत येथे नाही.

मोटार ठरवणाऱ्यांनी पाटीचा रंग पाहावा. प्रवासी वाहतुकीचा परवाना असलेल्या गाडीची पाटी हिरवी असते. पांढऱ्या पाटीच्या खासगी गाडीतून पैसे घेऊन विमानतळ-हॉटेल करणारे लोक ओळखीच्या ओळखीतून भेटतात. ते बेकायदा आहे आणि अपघात झाल्यास विम्याचा घोळ होतो. शिवाय मध्य टोकियोत मोटारीपेक्षा मेट्रो जवळजवळ नेहमीच लवकर पोहोचवते.

नावाबद्दल कोणी विचारण्याआधीच सांगतो. २००० च्या आसपास संगणक प्रणालींच्या कामासाठी आलेले भारतीय अभियंते निशी-कासाईत राहू लागले, कारण तोझाई मार्गाने येथून ओतेमाचीच्या कार्यालयांपर्यंत गाडी न बदलता जाता येते. याच प्रभागाच्या परिषदेवर एप्रिल २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक निवडून आले, हे अनेकांच्या वाचनात असेल. किराणा आणि कढीपत्ता हवा असेल तर येथे अवश्य या. स्थलदर्शनासाठी येण्याचे मात्र काही कारण नाही.

वास्तुवेडी

मी एकटी होते, गाइड घेतला नव्हता, आणि दिवसभराचा धागा आधीच पक्का केला होता : इमारती, त्याही शक्यतो एका हाताच्या. तो हात इतो चूता या वास्तुविशारदाचा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हा मनुष्य चीन, भारत, तुर्कस्तान असा प्रदीर्घ अभ्यासप्रवास करून जपानला परतला, आणि १९२३ च्या भूकंपानंतर जळालेल्या त्सुकिजी होंगवांजी मंदिराची नवी वास्तू त्याने १९३४ मध्ये उभी केली.

मासळी बाजाराच्या गल्ल्यांतून बाहेर पडून त्या मंदिरासमोर आले तेव्हा क्षणभर आपण कार्ल्याला आहोत की अजिंठ्याला, असे झाले. दर्शनी भागावरची ती भव्य कमान म्हणजे आपल्या चैत्यगृहांची पिंपळपानी गवाक्ष-कमानच, फक्त काँक्रीट आणि दगडात. दोन्ही टोकांना स्तूपाची आठवण करून देणारे मनोरे आहेत आणि आतल्या जिन्याच्या कठड्यांवर हत्ती, माकड असे प्राणी बसवलेले आहेत. आत शिरल्यावर मात्र सोनेरी गाभारा पूर्णपणे जपानी, बसायला खुर्च्या, आणि मागच्या बाजूला चक्क चर्चमधला असतो तसा नळ्यांचा मोठा ऑर्गन. हे सारे एकत्र नांदते की नुसते शेजारी उभे आहे, यावर मी बराच वेळ विचार करत बसले. माझे मत असे की बाहेरचा भाग अभ्यासकाने केला आहे आणि आतला भक्तांसाठी केला आहे, आणि दोघांनी एकमेकांना अडवलेले नाही. प्रवेशशुल्क नाही; प्रार्थना चालू असताना मागे शांत बसले तर कोणी उठवतही नाही.

तेथून ओएदो मार्गाने न बदलता र्योगोकूला गेले. सुमोच्या आखाड्यासाठी सगळे जेथे उतरतात त्या परिसरातच योकोआमिचो नावाचे छोटे उद्यान आहे. १ सप्टेंबर १९२३ च्या भूकंपानंतर येथील मोकळ्या मैदानात आसऱ्याला आलेली सुमारे ३८,००० माणसे आगीच्या वावटळीत मरण पावली. त्या जागेवर १९३० मध्ये इतोनेच स्मारकमंदिर बांधले, आणि पुढे १९४५ च्या हवाई हल्ल्यातल्या मृतांच्या अस्थीही तेथेच ठेवण्यात आल्या. दोन्ही मिळून सुमारे १,६३,००० लोकांच्या अस्थी मंदिरामागच्या तीनमजली मनोऱ्यात आहेत. मी गेले तेव्हा मंदिरात एक वृद्ध गृहस्थ सोडता कोणी नव्हते. ठरीव सहलीत ही जागा कधी येणार नाही, आणि तसे झाले तर मला आवडणारही नाही.

उरलेली दुपार उएनोत गेली. पाश्चात्त्य कलेचे राष्ट्रीय संग्रहालय ही वास्तुविशारद ल कॉर्बुझिएची १९५९ ची इमारत. २०१६ मध्ये त्याच्या ज्या १७ वास्तू एकत्रितपणे जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यांत ही आहे आणि आपल्या चंदीगडचा राजधानी-संकुलाचा भागही आहे. समोरच त्याचा शिष्य माएकावा कुनिओ याने १९६१ मध्ये बांधलेले सभागृह आहे; गुरू-शिष्यांचे काँक्रीट रस्त्याच्या दोन बाजूंना असे ताडून पाहण्याची संधी क्वचित मिळते. चित्रे मी फारशी पाहिली नाहीत, हे कबूल करायला हरकत नसावी.

मधली सुट्टी

वरचे लेखन वाचून शिबुयाला जाणे म्हणजे काही कमीपणाचे आहे असे वाटू लागले, म्हणून दुसरी बाजू लिहितो. आमच्याबरोबर शाळकरी मुले होती आणि त्यांना मंदिरे नको होती. यामानोते हा वर्तुळाकार रेल्वेमार्ग ३० स्थानकांचा आहे आणि साधारण तासाभरात पूर्ण फेरी होते. आम्ही पहिल्या डब्यात, चालकाच्या पाठीमागच्या काचेशी उभे राहून पूर्ण फेरी मारली आणि मुलांच्या मते तोच दिवसातला सर्वोत्तम भाग होता. शिबुयाच्या चौकात सिग्नल सुटताच सर्व बाजूंनी माणसे एकदम रस्त्यात उतरतात आणि कोणाचा कोणाला धक्का लागत नाही, हे दादर स्थानकाबाहेर वाढलेल्याला पाहण्यासारखेच आहे. मेलेल्या मालकाची स्थानकावर वाट पाहत राहिलेल्या हाचिको कुत्र्याचा पुतळा तेथेच आहे. मूळ पुतळा १९३४ चा, म्हणजे कुत्रा जिवंत असतानाचा. तो युद्धात वितळवला गेला आणि आजचा १९४८ चा आहे.

तेथून एकच स्थानक पुढे हाराजुकूला मेइजी जिंगूचे अरण्य आहे. अरण्य म्हटले तरी ते माणसाने लावलेले : १९२० मध्ये मंदिर उभे राहिले तेव्हा देशभरातून आलेली सुमारे एक लाख झाडे येथे लावली गेली. पुढे माणसाने हात न लावता ते आपोआप वाढावे अशीच त्याची आखणी होती, आणि वाटेवर पडलेली पाने आजही झाडून पुन्हा झाडांखालीच टाकतात. मुले तेथे न सांगता हळू बोलू लागली.

मेतकूट

शाकाहारी मंडळींसाठी लिहिते. टोकियोत अडचण दिसणाऱ्या मांसाची नसते, रश्श्याची असते. सुकवलेल्या कात्सुओ माशाचा अर्क, म्हणजे दाशी, भाजीत, नूडल्सच्या पाण्यात, सॉसमध्ये, कधी कधी लोणच्यातही असतो. नुसते ‘मांस नको’ म्हटल्यास तो हमखास येतो, म्हणून ‘माशाचा दाशीही नको’ हे जपानीत लिहिलेला कागद मी जवळ ठेवते. टोकियो स्थानकात, तिकीट-दरवाजांच्या आत, टीज तानतान नावाचे पूर्णतः वनस्पतिजन्य रामेनचे, म्हणजे रस्सेदार नूडल्सचे, दुकान आहे. स्थानकातून जाणारच असाल तर जेवणाची वेळ तेथे साधावी. खारवलेल्या उमे फळाचा भात-गोळा रस्त्यात उपयोगी पडतो, पण वेष्टनावरचे घटक वाचून घ्यावेत. बौद्ध मठांतले शोजिन हे शाकाहारी जेवण आधी जागा राखून मिळते, त्यात जवळजवळ दोन तास जातात आणि ते महाग असते. मला ते दिवसाच्या मध्यावर ठेवणे आवडते, कारण पायांना सक्तीची विश्रांती मिळते. मांसाहार करणाऱ्यांनी शिंजुकूच्या नाकामुराया या उपाहारगृहात जावे. क्रांतिकारक रासबिहारी बोस यांच्यामुळे तेथे १९२७ पासून भारतीय पद्धतीची चिकन करी मिळते. चवीला ती आपल्याला सौम्य वाटेल.

तळ्यात मळ्यात

जूनच्या अखेरचा भर पाऊस आणि वडील चाकाच्या खुर्चीत, अशा स्थितीत आम्ही फक्त उएनो आणि यानाका एवढेच ठेवले. रेल्वेचे कर्मचारी डब्याशी उतरती फळी टाकतात आणि आपण उतरणार त्या स्थानकाला आधीच कळवतात. तेथे दुसरा कर्मचारी फळी घेऊन उभा असतो. त्यासाठी प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटे थांबावे लागते, म्हणून गाडी जितक्या कमी वेळा बदलाल तितके बरे. स्थानकाच्या सर्वच दारांशी उद्वाहक नसतो, तेव्हा कोणत्या दाराने बाहेर पडायचे हे आधी पाहून ठेवावे.

उएनोच्या शिनोबाझु तळ्यातल्या बेटावर बेनझाइतेनचे मंदिर आहे. ही आपली सरस्वती. वीणेच्या जागी तिच्या हाती बिवा हे वाद्य आले आहे, आणि मंदिराच्या आवारात त्या वाद्याचे शिल्पही आहे. कमळे जुलै-ऑगस्टमध्ये फुलतात, त्यामुळे आम्हाला फक्त पाने मिळाली, पण छत्रीएवढ्या पानांवर पाऊस पडत असताना वडिलांनी तेथून हलायला नकार दिला. यानाका हा भाग भूकंप आणि युद्ध या दोन्हींतून बराचसा वाचला, त्यामुळे अरुंद गल्ल्या आणि लाकडी घरे टिकून आहेत. दुकानांच्या गल्लीत जाणाऱ्या प्रसिद्ध पायऱ्या खुर्चीसाठी निरुपयोगी ठरल्या. आम्ही दफनभूमीतल्या सपाट रस्त्याने गेलो. शेवटचा शोगुन, म्हणजे लष्करी शासक, तोकुगावा योशिनोबू याची समाधी तेथे आहे.

निशीकासाईकर

वरील लेखनात वारांचा उल्लेख राहिला आहे. बहुतेक संग्रहालये सोमवारी बंद असतात, आणि सोमवारी सार्वजनिक सुटी आल्यास ती त्या दिवशी उघडी राहून मंगळवारी बंद होतात. राजवाड्याची पूर्व उद्याने सोमवारी व शुक्रवारी बंद असतात. सोमवारच मोकळा असेल तर ‘वास्तुवेडी’ यांच्या मार्गातले उएनो वगळून त्सुकिजी आणि योकोआमिचो ठेवता येईल, किंवा ‘आजीचा नातू’ यांचा मार्ग जसाच्या तसा घेता येईल.

शहर उंचावरून पाहायचे असेल तर शिंजुकूमध्ये वास्तुविशारद तांगे केंझोने उभारलेल्या महानगर शासनाच्या इमारतीत ४५ व्या मजल्यावर, २०२ मीटर उंचीवर, विनामूल्य सज्जा आहे. ६३४ मीटरच्या स्कायट्री मनोऱ्याचे तिकीट काढण्याआधी एकदा येथे जाऊन पाहावे. फुजी पर्वत दिसण्याची शक्यता हिवाळ्याच्या कोरड्या सकाळी सर्वांत जास्त असते. जून-जुलैत त्या आशेवर दिवस आखू नये.