भाकरी न सोडता पोटावर कट्स (स्नायूंच्या उठून दिसणाऱ्या रेषा) आणायचेत, मदत हवी आहे
मंडळी, हातपाय तसे बारीक आहेत पण बेंबीखालची चरबी काही केल्या हलत नाहीये. क्रंचेस, प्लँक, हँगिंग लेग रेज सगळं चालू आहे, पण नुसत्या पोटाच्या व्यायामाने तिथलीच चरबी जळत नाही हे आता पटलंय, म्हणजे खरा प्रश्न खाण्याचाच. घरी अंडंसुद्धा चालत नाही आणि मला दिवसाला साधारण १०० ग्रॅम प्रोटीन हवंय. सोया चंक्समध्ये १०० ग्रॅममागे ५० च्या आसपास मिळतं पण रोज खाऊन पोट फुगतं, मटकीच्या उसळीत प्रोटीनपेक्षा कार्ब्जच जास्त. रात्रीची ज्वारीची भाकरी मला खरंच सोडायची नाहीये. शाकाहारी राहून कोणी कट्स आणलेत का? दिवसभरात काय आणि किती खाता ते सविस्तर सांगा प्लीज, व्हे (दुधापासूनची प्रोटीन पावडर) घेत असाल तर कधी तेही.