फ्रेंच टोस्टसाठी ब्रेड शिळाच हवा का? (चर्चा)

साजूक

फ्रेंच टोस्टची कुठलीही कृती उघडा, पहिली ओळ ठरलेली असते: "ब्रेड शिळा घ्या." माझं मत स्पष्ट आहे. ब्रेड शिळा नको, वाळलेला हवा. या दोन गोष्टी एक नाहीत.

ब्रेड शिळा होतो तेव्हा त्यातला शिजलेला स्टार्च पुन्हा घट्ट बसतो. पिशवीत बंद राहिलेल्या दोन दिवसांच्या ब्रेडमधलं पाणी फारसं उडालेलं नसतं, आतल्या गरातून कडेकडे सरकलेलं असतं. तो हाताला कडक लागतो, पण तापला की हा कडकपणा निघून जातो. म्हणजे ज्यासाठी ब्रेड शिळा केला, ते तव्यावर ऐन वेळी नाहीसं होतं. वाळवलेल्या ब्रेडमधलं पाणी मात्र खरंच गेलेलं असतं आणि त्याची जागा दूध-अंडं घेतं. (फ्रिजमध्ये ब्रेड बाहेरच्यापेक्षा लवकर शिळा होतो, त्यामुळे "रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा" यानेही काही साधत नाही.)

अख्खा ब्रेड आणून 2 सेंमी जाडीच्या 4 स्लाइस कापा. ओव्हनमध्ये 150 अंशांवर जाळीवर 15 मिनिटं ठेवा, मध्ये एकदा उलटा. कडा खडखडीत, मधोमध बोट दाबलं तर किंचित मऊ, इथे थांबा. मिश्रणाला 2 अंडी, 1 जादा बलक, 160 मिली कोमट दूध, 2 चमचे साखर, दोन चिमटी मीठ. हे गाळून घ्या. पांढऱ्याचे न फेटलेले धागे राहिले तर ब्रेडवर चिकटून त्यांच्या रबरी पांढऱ्या चकत्या होतात. पसरट ताटात एकेका बाजूला 30 ते 40 सेकंद भिजवा, मग दोन मिनिटं जाळीवर ठेवा, म्हणजे ओल आतपर्यंत पोचते.

पावकिलो

ताजा ब्रेड विकत आणायचा आणि मग ओव्हन लावून वाळवायचा, हे पटत नाही. फ्रेंच लोक याला पॅं पेर्दू म्हणतात, म्हणजे वाया गेलेला पाव. पदार्थाचा जन्मच उरलेला पाव मार्गी लावण्यासाठी आहे.

आणि शिळ्या पावाची खरी रीत स्पेनमध्ये आहे. तिथे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात तोर्रिहास करतात. दूध-अंडं एकत्र करतच नाहीत. दालचिनीची काडी आणि लिंबाची साल घालून दूध उकळायचं, कोमट झालं की 2 ते 3 सेंमी जाड पाव त्यात मुरवायचा, जाळीवर निथळायचा, मग फेटलेल्या अंड्यात बुडवून तेलात तळायचा आणि वर साखर-दालचिनी. पोर्तुगालमध्ये नाताळातल्या रबानादासही अशाच होतात. दूध पातळ असतं, ते घट्ट शिळ्या गरात मिश्रणापेक्षा सहज शिरतं. अंड्याचा थर तेलात पडताच आवळतो आणि दूध आत कोंडून राहतं. ओव्हन लागतच नाही.

साजूक

@पावकिलो, तोर्रिहाबद्दल वाद नाही, पण तिला टणक सालीचा, घट्ट विणीचा पाव लागतो. आपल्या सँडविच ब्रेडची स्लाइस दुधात मुरवून उचलायला जा, मधोमध फाटेल. शिवाय आत नुसतं दूध असल्याने गर आवळत नाही, खिरीतल्या ब्रेडसारखा राहतो. मला आत कस्टर्ड हवं असतं, त्यासाठी अंडं गरापर्यंत जायलाच हवं.

मीठमोहरी

तुम्ही दोघंही जाड पाव गृहीत धरून बोलताय. घरोघरी असतो तो कापलेला ब्रेड, जेमतेम 1 ते सव्वा सेंमी जाड. तो 15 मिनिटं ओव्हनमध्ये ठेवला तर खारी होईल. पंख्याखाली जाळीवर तासभर पुरे, किंवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर प्रत्येक बाजूला एक मिनिट. रंग येऊ द्यायचा नाही. भिजवणं एका बाजूला 5 सेकंद, त्याहून जास्त नाही.

माझा मूळ आक्षेप दुधालाच आहे. महाराष्ट्रात असंख्य घरांत फ्रेंच टोस्ट म्हणजे तिखट: अंडी, कांदा, मिरची, कोथिंबीर, हळद. त्यात दूध घालायची गरज नाही. पातळ ब्रेडला 2 अंड्यांत 2 चमचे पाणी बस होतं. 120 मिली दूध घातलंत की मधे लगदा आणि वर ओलसर सुरकुत्या, हे ठरलेलंच.

तिखटाची खरी अडचण वेगळीच आहे. मीठ घालून मिश्रण ठेवलं की कांद्याला पाणी सुटतं आणि शेवटच्या दोन स्लाइस पिचपिचीत होतात. म्हणून मीठ अगदी भिजवायच्या क्षणी घाला. कांदा 2 अंड्यांना एक मोठा चमचा, आणि तो पोह्याला चिरतो त्याच्याही निम्मा बारीक. जाड तुकडा ब्रेड तव्याला टेकू देत नाही, त्याच्याभोवती पांढरा डाग राहतो आणि तुकडा मात्र काळा होतो. एक चमचा बेसन घातलं तर कांदा ब्रेडला धरून राहतो.

पावकिलो

ते ब्रेड-ऑम्लेटच्या जवळचं झालं. उत्तम लागतं, पण तिथे अंडं बाहेर राहतं.

मीठमोहरी

नाही. ब्रेड-ऑम्लेटमध्ये अंडं आधी तव्यावर पसरतं आणि ब्रेड वर बसतो. इथे ब्रेड अंडं पिऊन तव्यावर येतो. 5 सेकंदांतही पातळ ब्रेडच्या दोन्ही अंगांनी दोन-तीन मिलिमीटर अंडं आत जातं. स्लाइस तोडून पाहा, पिवळा पट्टा दिसतो.

बिडाचा_तवा

ब्रेडवर इतकं बोलणं झालं, पण बिघडतं ते बहुतेक वेळा आचेवर. मोठ्या आचेवर दीड मिनिटात वरून तांबूस आणि आत कच्चं. मधला भाग साधारण 71 अंशांवर गेला की अंडं नीट आवळतं. 2 सेंमी जाडीला त्यासाठी मंद-मध्यम आचेवर एका बाजूला साडेतीन-चार मिनिटं लागतात. कडेने उलथन्याने हलकं दाबा: पातळ थेंब बाहेर आला तर अजून वेळ द्या. अंड्याचा उग्र वासही जास्त आचेचाच, पांढरं जास्त शिजलं की तो सुटतो. @साजूक, जादा बलकाने चव दाट होते हे मान्य, पण आच आवरली नाही तर वास तरीही येणार.

साखर मिश्रणात अंड्यामागे एक चमचाच. जास्त झाली की आतलं शिजायच्या आत तळ काळा होतो. दालचिनीची पूड थेट ओतली तर तरंगते आणि सगळी पहिल्या स्लाइसलाच चिकटते. ती आधी साखरेत घोळवून बलकात घोटा, मग दूध.

लोणी की तूप, तर तूप. लोण्यात सुमारे 16 टक्के पाणी आणि दुधाचे कण असतात, ते कण दुसऱ्या घाण्याला जळून टोस्टवर काळे ठिपके देतात.

साजूक

इथे असहमत. तेच कण तांबूस होतात तेव्हा लोण्याचा भाजका वास येतो, आणि गोड टोस्टचा अर्धा जीव त्यात आहे. तुपावर टोस्ट शिऱ्यासारखा लागतो. सुरुवात तुपावर करा, उलटल्यावर शेवटच्या मिनिटाला लोण्याचा तुकडा कडेने सोडा. दर घाण्यानंतर तवा पुसायचा, म्हणजे ठिपक्यांचा प्रश्न उरत नाही.

बिडाचा_तवा

पुसण्याची अट असेल तर लोणी चालेल. तिखटाला मात्र तेल किंवा तूपच, खारं लोणी घातलं की मीठ दुप्पट होतं.

वेलदोडा

अंडं न खाणाऱ्यांनी काय करायचं? कस्टर्ड पावडर चालते का?

साजूक

चालते, पण प्रमाण जपा. 150 मिली गार दुधात एक मोठा चमचा पावडर, आणि प्रत्येक स्लाइसआधी ढवळा, नाहीतर ती तळाशी बसते. तिच्यातलं कॉर्नफ्लोअर शिजायला अंड्यापेक्षा जास्त उष्णता लागते, म्हणून झाकण ठेवून दोन मिनिटं, मग काढून खरपूस करा. फुगणार नाही. आणि इथे @मीठमोहरींचं ऐका: 5 सेकंदच.

मीठमोहरी

पातळ ब्रेडला झाकण नको, वाफेने वरची बाजू ओली होते. तो उघड्याच तव्यावर एका बाजूला अडीच मिनिटं ठेवा. आणि झाले की टोस्ट ताटात एकावर एक रचू नका, जाळीवर सुटे ठेवा. खालचे दोन वाफेनेच मऊ पडतात आणि दोष ब्रेडला दिला जातो.