विषय: एन्के दर खेपेला लवकर का येतो?

मंडळी, नमस्कार.
नोव्हेंबरात टॉरिड उल्का बघायला इंदूरजवळच्या जानापाव टेकडीवर जायचं ठरतंय. त्या एन्के धूमकेतूच्या धुळीतून येतात, म्हणे. तो हॅलेसारखाच जन्मात एकदा दिसणारा का? आणि दर खेपेला वेळेआधी येतो, हे खरं?
— लोकमान्य नगरातून

ताई,
हॅले आता २०६१ साली. एन्केची फेरी ३.३ वर्षांची, ऑक्टोबर २०२३ मध्ये सूर्याजवळून गेला, आता फेब्रुवारी २०२७. सूर्यापासून ५ कोटी किलोमीटरपर्यंत आत शिरतो आणि गुरूच्या अलीकडूनच मागे वळतो. केंद्रक, म्हणजे मधला घट्ट गोळा, जेमतेम पाच किलोमीटरचं, कोळशासारखं काळं.

१७८६, १७९५, १८०५ आणि १८१८ अशा चार वेळा तो ‘नवा’ म्हणून सापडला. चारही एकच, हे एन्के या जर्मन खगोलशास्त्रज्ञानं गणितानं दाखवलं आणि १८२२चं पुनरागमन आधीच सांगितलं. नाव त्याचं लागलं, तरी तो स्वतः १८१८ मध्ये शोधणाऱ्या पाँसच्या नावानं ‘पाँसचा धूमकेतू’च म्हणायचा. असा सज्जनपणा दुर्मिळच!

आता तुमचा प्रश्न. दर फेरीला सुमारे अडीच तास आधी यायचा, हे एन्केच्याच लक्षात आलं. अवकाशात काही विरळ माध्यम त्याला अडवत असावं, असं त्याला वाटलं. अडवलं की कक्षा आक्रसते आणि फेरी लवकर संपते. तर्क चुकीचा नव्हता, माध्यम मात्र नव्हतं. १९५० मध्ये अमेरिकन खगोलशास्त्रज्ञ व्हिपलनं उलगडा केला: बर्फ आणि धुळीचा गोळा स्वतःभोवती फिरतो, उन्हानं वाफ उसळते, पण थोडी उशिरा. आपल्याकडे नाही का, सूर्य डोक्यावर बाराला आणि खरा उकाडा तीनला? त्यामुळे वाफेचा धक्का नेमका सूर्याच्या उलट बसत नाही, तिरका बसतो. एन्केला तो मागे ओढतो. हॅलेला पुढे रेटतो, म्हणून हॅले उलट चारेक दिवस उशिरा येतो.
— रामबागेतला काका

काका, मग आक्रसत आक्रसत एन्के सूर्यात पडणार का?

नाही रे भिया. फिरण्याचा अक्षच हळूहळू कलतो, तसा धक्काही बदलतो; एकोणिसाव्या शतकापेक्षा आता तो पुष्कळच कमी आहे.
जानापावला दुर्बीण नको, सतरंजी आणा. टॉरिड तासाला चार-पाचच, पण संथ, आणि मधूनच एखादा अग्निगोल, म्हणजे खूप तेजस्वी उल्का. मध्यरात्रीच्या आधी परतायचं असेल त्यांनी येऊच नये.