मदत हवी आहे: मोबाईल होम पार्कचं सेप्टिक फेल झालंय, मालक ९० दिवसांत जागा सोडा म्हणतोय (अपस्टेट न्यूयॉर्क)

नमस्कार मंडळी, लांबलचक होणार आहे पण प्लीज पूर्ण वाचा, डोकं चालेनासं झालंय.

आम्ही एका युनिव्हर्सिटी टाउनच्या बाहेर राहतो. नवरा पोस्टडॉक, मी एच-फोर या डिपेंडंट व्हिसावर, म्हणजे घरात पगार एकच, आणि इथली अपार्टमेंटची भाडी परवडेनात म्हणून २०२२ ला साठवलेले सगळे पैसे घालून एक जुनं डबल-वाइड (दोन भाग जोडून केलेलं) मोबाईल होम घेतलं. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: यात घर आपलं असतं, खालची जमीन पार्कच्या मालकाची, तिचं दर महिन्याला लॉट रेंट द्यायचं. विहिरीचं पाणी आणि ड्रेनेज बघणं मालकाचं काम.

मार्चमधे बर्फ वितळायला लागला तसा त्रास सुरू झाला. शेजारी वॉशिंग मशीनचं पाणी सुटलं की आमच्या बाथटबच्या जाळीतून गुडगुड आवाज येतो आणि मागोमाग काळपट पाणी वर चढतं, वर फेस, आणि त्या फेसाला त्यांच्या साबणाचा लव्हेंडरचा वास. मुलगी ४ वर्षांची आहे, तिला आंघोळीला मैत्रिणीकडे नेते. मागच्या दोन लॉटच्या मधलं गवत अख्ख्या पार्कात सगळ्यात हिरवंगार झालंय, तिथे पाय ठेवला की बूट रुततो आणि वास असा की जेवण जात नाही.

टँक उपसायला गाडी आली होती, तो माणूस भला होता, त्याने नीट समजावलं. सहा घरांना मिळून एक टँक आहे. गाळ टँकमधे खाली बसतो, तेलकट थर वर तरंगतो आणि मधलं पाणी भोकांच्या पाइपमधून जमिनीत मुरतं, त्याला लीच फील्ड म्हणतात, आपल्या शोषखड्ड्यासारखंच पण आडवं पसरलेलं. टँक ३ ते ५ वर्षांनी उपसायचा असतो, तो केलेला नाही, त्यामुळे गाळ पुढे पाइपांमधे जाऊन माती चोंदलीये. आता कितीही उपसा, दोन आठवड्यांत परत तेच, फील्डच नवीन करावं लागेल म्हणाला.

आम्ही काउंटीच्या आरोग्य खात्याला फोन केला, इन्स्पेक्टर येऊन गेला, मालकाला नोटीस मिळाली. आम्हाला वाटलं चला, आता दुरुस्ती होईल. तर गेल्या शुक्रवारी मॅनेजर दारोदार एक कागद घेऊन आला, की दुरुस्ती परवडत नाही, पार्क बंद करतोय, ९० दिवसांत स्वखुशीने जाणार असाल तर सही करा, २,००० डॉलर देतो.

जाणार कुठे? चाकं, अ‍ॅक्सल काढून घर ब्लॉकवर बसवलंय, हलवायचं म्हणजे दोन तुकडे करून ट्रकवर, परमिट, नवीन जागी जोडणी, हजारो डॉलरचा मामला, आणि जवळपास रिकामा लॉट नाही. समोर ७८ वर्षांच्या एक बाई राहतात, माझी मुलगी त्यांना आजीच म्हणते. त्यांचं घर १९७६ च्या आधीचं, म्हणजे फेडरल हाउसिंग कोड लागू व्हायच्या आधी बांधलेलं, तसली घरं बरेच पार्क घेतच नाहीत. त्या उद्या सही करणार म्हणतायत, मला झोप नाही लागलीये.

सही करावी का? ९० दिवस कायद्यात बसतं का? लॉट रेंट थांबवलं तर चालेल का?

प्रतिसाद

ताई, सही करू नका आणि आजींनाही आजच सांगा. न्यूयॉर्कचं रिअल प्रॉपर्टी लॉ, कलम २३३ बघा. जमिनीचा वापर बदलायचा म्हणून पार्कमधल्या घरमालकांना काढायचं असेल तर २ वर्षांची लेखी नोटीस लागते, २०१९ पासून. पूर्वी ६ महिने होते. शिवाय कोर्ट प्रत्येक घरामागे १५,००० डॉलरपर्यंत द्यायला लावू शकतं. तुम्ही स्वखुशीने जातोय असं लिहून दिलंत की हे सगळं हातचं गेलं, म्हणून तर कागद आणलाय. जागा राहण्यालायक ठेवणं त्याच कलमात मालकावर बंधनकारक आहे, तक्रार केली म्हणून सूड उगवणंही मना आहे.

रेंट आपल्या मनाने थांबवू नका, न भरल्याचं कारण त्यांना आयतं मिळेल. लीगल एडचा वकील गाठा, उत्पन्न कमी असेल तर फुकट. आणि एक, दिवसाला १,००० गॅलनच्या वर सांडपाणी जमिनीत सोडायला राज्याच्या पर्यावरण खात्याचं परमिट लागतं. सहा घरांचा टँक त्यात येत असणार. ते परमिट आणि काउंटीचे जुने इन्स्पेक्शन रिपोर्ट माहिती कायद्याखाली मागवा, किती वर्षं दुर्लक्ष केलंय ते कागदावर येईल. सगळ्यांनी मिळून असोसिएशन करा, एकेकटे भेटू नका. काही ठिकाणी रहिवाशांनी को-ऑप (सहकारी संस्था) करून पार्कच विकत घेतलेत, न्यू हॅम्पशायरमधे १९८४ पासून हे चाललंय, आरओसी यूएसए नावाची संस्था त्यासाठी कर्ज आणि मदत देते.

धागाकर्ती

खूप खूप आभार. वाचल्या वाचल्या समोर पळाले. कागद फ्रिजवर मॅग्नेटखाली होता, सही झालेली नव्हती, पेन मात्र शेजारीच ठेवलं होतं. त्यांना कलम मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा. रविवारी आमच्या पोर्चवर सगळ्या घरांना बोलावलंय, सोमवारी वकिलाचा फोन आहे.

अजून एक विचारायचं राहिलं. पार्कची विहीर त्या ओल्या गवतापासून फार लांब नाही. आम्ही प्यायला बाटल्या आणतो पण आजी नळाचंच पितात. पाण्यातले कोलिफॉर्म जंतू आणि नायट्रेट दोन्ही तपासून घ्यायला सँपल कुठे द्यायचं, काउंटीकडे की खाजगी लॅबमधे, आणि वकिलाला दाखवायला कुठला रिपोर्ट जास्त धरतात? कोणी केलं असेल तर लगेच सांगा.