मानवरहित, चालकविरहित की स्वयंचलित?

जहाजावरून उडणाऱ्या नौदलाच्या टेहळणी यंत्राला तीन नावं वाचली: मानवरहित हेलिकॉप्टर, चालकविरहित हेलिकॉप्टर, स्वयंचलित हेलिकॉप्टर. योग्य कोणतं? की सरळ 'ड्रोन' म्हणावं?

— मी 'मानवरहित' घेईन. चालक असतोच, फक्त आत बसलेला नसतो. १९६०च्या दशकातलं अमेरिकी नौदलाचं क्यूएच-५० बघा. डेकवरचा एक जण ते उडवायचा नि उतरवायचा, मधल्या उड्डाणाचा ताबा जहाजाच्या पोटातल्या दुसऱ्याकडे. चालक एक सोडून दोन! 'चालकविरहित' कसं म्हणणार?

— मग रेल्वेचं मानवरहित फाटक? तिथे खरंच कुणी नसतं.

— खरंय, तिथे 'रहित' पूर्ण रिकामं असतं. इथे ते फक्त यंत्राच्या पोटापुरतं.

— 'स्वयंचलित' का नको? जानेवारी २००६ मध्ये अमेरिकी नौदलाचं फायर स्काउट हे मानवरहित हेलिकॉप्टर 'यूएसएस नॅशव्हिल' या जहाजावर आपलं आपणच उतरलं होतं.

— उतरणं स्वयंचलित होतं. कुठे जायचं, काय पाहायचं हे माणसानंच ठरवायचं. विशेषण क्रियेला लावा, यंत्राला नको.

— 'टेहळणी'बद्दलही बोलू. पाळत ठेवतात ती ठरलेल्या माणसावर किंवा जागेवर. टेहळणी करतात ती समोर काय आहे हेच माहीत नसतं म्हणून. समुद्रावर बहुधा टेहळणीच. पण यंत्राच्या नावात हा शब्द कायमचा चिकटवू नये. फायर स्काउट आधी आरक्यू-८ होतं: 'आर' टेहळणीचा, 'क्यू' मानवरहिताचा. २००५ मध्ये 'आर' जाऊन 'एम' आला, म्हणजे बहुउद्देशी. क्यूएच-५०चं उलट झालं. ते पाणबुडीवर टॉर्पेडो टाकायला बनवलेलं, पण व्हिएतनाम युद्धात त्याला टीव्ही कॅमेरा लावून तोफांचा मारा कुठे पडतोय ते बघायला पाठवलं.

— आणि 'ड्रोन'?

— चूक नाही. मूळ अर्थ नर मधमाशी. क्यूएच-५०च्या 'डॅश' या नावातला 'ड' ड्रोनचाच. पण वाचकाला चार पंख्यांचं खेळणं दिसतं, आणि एमक्यू-८सी, म्हणजे फायर स्काउटची नंतरची आवृत्ती, हा माणसं नेणाऱ्या बेल ४०७ हेलिकॉप्टरचा सांगाडा, उड्डाणावेळी कमाल वजन सुमारे २,७०० किलो. पहिल्या उल्लेखात 'मानवरहित हेलिकॉप्टर' लिहा, पुढे खुशाल ड्रोन.

— तो ड्रोन की ते ड्रोन?

— दोन्ही कानावर येतात. मी 'तो' म्हणतो. हेलिकॉप्टर मात्र 'ते'च.