मदत हवी आहे : ४० जीबी कागदपत्रं, त्यात एक कागद सापडेना

वैतागवाडीकर :
नमस्कार मंडळी. फाईली लावायची सोपी पद्धत सांगा कोणीतरी. तीन दिवस झाले डोकं फुटायची वेळ आलीय, सगळं एकाच फोल्डरात ओतलेलं आहे, नावांवरून काही कळत नाही, त्यात निम्म्या फाईली डबल. गुरुवारी कागद घेऊन जायचंय. दोनचार तासांत आवरेल असं सांगा, टॅग लावत बसायला वेळ नाही. आणि व्हिडिओची लिंक नको, सगळे बघून झालेत.

कपाटवाली :
मोबाईल की कॉम्प्युटर? किती फाईली? कसल्या? काहीच लिहिलं नाही, आम्ही काय पत्रिका बघून सांगायचं?

वैतागवाडीकर :
लॅपटॉप, विंडोज. ४० जीबी असेल. कागदपत्रं आहेत हो, अजून काय असणार.

कपाटवाली :
मग ऐका. आधी माणसांच्या नावाने फोल्डर : बाबा, आई, मी. त्यात घर, जमीन, बँक, दवाखाना. फाईलच्या नावात सुरुवातीला वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे आपोआप क्रमाने लागतात. तारीख आधी लिहिलीत तर सगळ्या वर्षांचे १ तारखेचे कागद एका रांगेत येतील. आमच्याकडे २०१६ पासून असंच आहे, मिस्टरांना पण सापडतं.

शोधक_सदू :
फोल्डर म्हणजे वेळेचा चुराडा. लाईटबिल 'घर'मध्ये की 'बिलं'मध्ये यावर अर्धा तास जातो. सगळं गुगल ड्राईव्हवर टाका आणि सर्च करा, स्कॅनमधला मजकूर पण वाचतं ते. मी गेली पाच वर्षं एकही फोल्डर केलेला नाही.

कपाटवाली :
४० जीबी ड्राईव्हवर कुठून मावणार? फुकट १५ मिळतं, ते पण जीमेल आणि फोटो धरून. की त्यांनी आधी प्लॅन विकत घ्यायचा?

कोकणी_मेवा :
रुमाल टाकून ठेवते. माझी पण हीच गत आहे.

हसरा_गणू :
व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा, तिथे मॅनेज स्टोरेज. मोठे व्हिडिओ वर दिसतात, धडाधड उडवा. गुड मॉर्निंगवाले फोटो पण. माझा फोन एकदम मोकळा झाला.

वैतागवाडीकर :
गणूभाऊ, मला काही उडवायचं नाहीये. सदू, ड्राईव्हवर टाकून बघितलं थोडं, काही सापडत नाही. फेरफार, म्हणजे जमिनीच्या मालकीबदलाची नोंद, हाताने लिहिलेला आहे, १९८७चा.

शोधक_सदू :
हस्ताक्षर असेल तर अवघड आहे, तेही जुनं महसुली. हे आधी सांगायचं ना राव.

कपाटवाली :
:)

सातबारा_उतारा :
थांबा थांबा. म्हणजे फाईली लावायच्या नाहीत, एक फेरफार शोधायचाय? सातबाऱ्यावर जुने फेरफार क्रमांक छापलेले असतात. डिजिटल सहीचा उतारा १५ रुपयांत निघतो. नंबर घ्या आणि सरकारच्या 'आपले अभिलेख' पोर्टलवर बघा, तुमच्या जिल्ह्याचे जुने कागद स्कॅन झाले असतील तर घरबसल्या मिळेल.

वैतागवाडीकर :
उतारा आहे. १९ नंबर आहेत त्यावर. आमचा जिल्हा पोर्टलवर नाही. आजोबांच्या वारसाची नोंद त्यातली कुठली तेच तर बघायचंय, आत्याचं नाव लागलं होतं की नाही यावरून काकांनी घर डोक्यावर घेतलंय. फोटो आमच्याकडे आलेला, मी स्वतः बघितलाय.

बाभूळगाव_एक्सप्रेस :
वारसाची भांडणं लॅपटॉपवर सुटत नाहीत भाऊ. आमच्याकडे तीन पिढ्या चालू आहे. एक बॉक्स फाईल आणा, झेरॉक्स काढून पंच करून लावा, वीज गेली तरी दिसते.

कपाटवाली :
आणि वाळवी लागली की?

नाइट_शिफ्ट :
'आलेला' म्हणजे कुठून आलेला? व्हॉट्सॲपवर का? कोणी पाठवला, साधारण कधी?

वैतागवाडीकर :
फॅमिली ग्रुपवर. बाबांच्या जुन्या फोनमधलं सगळं कॉपी केलंय तेच हे ४० जीबी. चुलतभावाने पाठवलेला, २०१९ला आम्ही सगळे गणपतीला गावी होतो तेव्हा. त्याचा काय संबंध?

नाइट_शिफ्ट :
तोच तर संबंध आहे. अँड्रॉइडवर व्हॉट्सॲपच्या फोटोच्या नावातच तारीख असते : आयएमजी, डॅश, मग वर्ष-महिना-दिवस सलग, मग डब्ल्यूए आणि नंबर. त्या साली चतुर्थी २ सप्टेंबरला होती आणि अनंत चतुर्दशी १२ला. सर्चमध्ये २०१९०९ टाका, आकडे इंग्रजी. विंडोजचं सर्च रडायला लागलं तर एव्हरीथिंग नावाचं छोटं सॉफ्टवेअर आहे, फुकट, नावावरून क्षणात काढून देतं. फाईलची 'मॉडिफाइड' तारीख बघू नका, कॉपी करताना ती बरेचदा बदलते.

वैतागवाडीकर :
सापडला!!! ५ सप्टेंबर. २१२ फोटो निघाले, त्यात आरत्या, उकडीचे मोदक आणि मधेच फेरफार. आत्याचं नाव आहे. पण झूम केलं की फुटतंय, नंबर ३४१ की ३४७ कळत नाही.

सातबारा_उतारा :
१९ मध्ये दोन्ही आहेत का बघा. एकच असेल तर सुटलात. आणि फोटो ऑफिसात चालत नाही, तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करून नक्कल घ्यावी लागेल. गुरुवारी लगेच हातात पडेल असं धरून चालू नका.

नाइट_शिफ्ट :
चुलतभावाच्या फोनमध्ये मूळ फोटो असेल. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा, फोटो म्हणून पाठवला की दाबून बारीक होतो.

वैतागवाडीकर :
३४७च आहे, ३४१ उताऱ्यावर नाहीच. भावाला फोन करतोय, पण तो काकांचाच मुलगा आहे, देतो की नाही बघू. बाकीच्या ढिगाऱ्याचं नंतर.

कपाटवाली :
नंतर म्हणजे कधीच नाही. निदान तो एक फोटो नीट नाव देऊन दोन ठिकाणी ठेवा.

शोधक_सदू :
बघा, शेवटी सर्चनेच सापडला.

कपाटवाली :
नावात तारीख होती म्हणून सापडला! मी पहिल्यापासून तेच सांगतेय.

हसरा_गणू :
ते २१२ मधले आरत्यांचे व्हिडिओ उडवा, बरीच जागा होईल.