मदत हवी आहे : सालामांकाच्या 'रेक्टर'ला मराठीत काय म्हणावं?

नमस्कार मंडळी,

स्पेनच्या जुन्या विद्यापीठांचे प्रमुख कुठल्या घरांतले होते आणि पुढे कुठवर पोचले, यावर लेख लिहितेय. पहिल्याच शब्दाशी अडलेय. 'कुलगुरू' म्हटलं की पिकल्या केसांचे प्राध्यापक डोळ्यांसमोर येतात आणि 'रेक्टर' म्हटलं की होस्टेलचे रेक्टर!

सालामांका विद्यापीठात (स्थापना १२१८) कित्येक शतकं रेक्टर हा विद्यार्थीच असे. वर्षभरापुरता, विद्यार्थी-प्रतिनिधींनी निवडलेला आणि बहुधा बड्या घरचा. गास्पार दे गुझमान १६०३ मध्ये रेक्टर झाला तेव्हा सोळा वर्षांचा होता. वडील रोममध्ये स्पेनचे राजदूत राहिलेले. हा धाकटा म्हणून चर्चसाठी ठरवलेला. थोरला भाऊ गेला आणि वारसा याच्याकडे आला. पुढे हाच स्पेनचा राजा चौथ्या फेलिपेचा सर्वेसर्वा मंत्री, ओलिवारेसचा काउंट-ड्यूक. पदव्या देणं आणि न्यायनिवाडा मात्र रेक्टरकडे नसे. ते काम 'मायेस्त्रेस्कुएला'चं, म्हणजे कॅथेड्रलच्या एका धर्माधिकाऱ्याचं. मग या पोराला कुलगुरू कसं म्हणू?

आल्काला विद्यापीठात वेगळीच तऱ्हा. तिथे सान इल्देफोन्सो या कोलेजिओचा (निवासी महाविद्यालयाचा) रेक्टर तोच विद्यापीठाचा रेक्टर. असे कोलेजिओ मुळात गरीब, हुशार मुलांसाठी काढलेले. कालांतराने तिथल्या जागा वजनदार घराण्यांच्या मुलांनी बळकावल्या आणि त्यांतून राजाच्या दरबारी, न्यायालयात, बिशपच्या गादीवर माणसं जात राहिली. हे वाचताना मला खरंच वाईट वाटलं.

१८५७ च्या शिक्षण कायद्यानंतर नेमणूक सरकारच्या हाती. मिगेल दे उनामुनो बिल्बाओच्या व्यापारी घरातला, ग्रीकचा प्राध्यापक. १९०० मध्ये सालामांकाचा रेक्टर, १९१४ मध्ये पदावरून दूर. इथे 'कुलगुरू' अगदी चपखल बसतो.

आता माझे प्रश्न:

दोन काळांसाठी दोन शब्द वापरले तर वाचक गोंधळेल का? 'विद्यार्थी-रेक्टर' कसा वाटतो?

'इदाल्गो'ला, म्हणजे स्पेनमधल्या खालच्या पायरीवरच्या उमरावाला, काय म्हणू? करमाफीचा आणि कुळाचा मान आहे, पण जमीन असेलच असं नाही. त्यामुळे 'जहागीरदार', 'इनामदार' दोन्ही खोटे पडतात.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. कोलेजिओत प्रवेशाआधी 'रक्तशुद्धी'ची, म्हणजे पूर्वजांत कुणी ज्यू किंवा मुसलमान नव्हतं ना याची, चौकशी व्हायची, आईवडील-आजीआजोबांपर्यंत. ती कागदपत्रं कुणी हाताळली आहेत का? साक्षीदार गावचेच, ओळखीचे. त्यांनी सांगितलेल्या कुळावर घराण्याची ऐपत ठरवताना कितपत विसंबावं?

स्पॅनिश वाचता येतं, जुनं हस्ताक्षर मात्र लागत नाही. कुणी शिकवलं तर फार उपकार होतील.